काळ्या चिमट्याची जागा

१

शुक्रवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी घरकामाला येणाऱ्या शालनताईंनी शिरगावातल्या दामल्यांच्या गॅरेजचं शटर वर केलं. आधी धूर बाहेर आला, मग इंजिनाचा आवाज. जुनी पांढरी पेट्रोल गाडी चालू होती. तिचं तोंड शटरकडे होतं आणि बॉनेट उघडं होतं. स्टिअरिंगमागे विष्णुपंत दामले बसले होते. मान डावीकडे कललेली, नाकावर वाचायचा चष्मा. चेहरा लालसर, टवटवीत दिसत होता, म्हणून शालनताईंनी त्यांना दोनदा हाक मारली.

शवविच्छेदनात कार्बन मोनॉक्साइड निघाला. फौजदार मीनल तांडेल यांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि चैत्रालीला दोन शक्यता सांगितल्या. बसलेली बॅटरी चार्ज व्हावी म्हणून विष्णुपंतांनी इंजिन चालू ठेवलं आणि शटर उघडायचं राहिलं. नाहीतर ते मुद्दाम बंद ठेवलं.

चैत्राली त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरीला. माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत रसायनं तपासते. आठव्या दिवशी तिने मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कीर्ती, ती दुसरी शक्यता खरी आहे. त्या दिवशी सकाळी साडेआठला मी त्यांना फोनवर काय म्हटलं माहितीये? म्हटलं, बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर माणूस गुदमरून मेला आणि तुम्ही नऊ महिने गप्प बसलात. मला तुमची लाज वाटते."

तो माणूस म्हणजे नाथा. विष्णुपंतांच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार. नऊ महिन्यांपूर्वी तो टाकी साफ करायला आत उतरला. टाकीत नायट्रोजन राहिला होता. माणूस उतरण्याआधी आतली हवा मोजायची आणि परवान्यावर आकडा लिहून सही करायची, असा नियम. परवान्यावर आकडा होता, सहीही होती, म्हणून दोष नाथावर गेला. सही सुरक्षा अधिकारी महेश करमरकर यांची. विष्णुपंत त्या विभागाचे प्रमुख होते. ते काहीच बोलले नाहीत आणि तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले.

"नाथा जसा गेला तसेच ते गेले," चैत्राली म्हणाली. "बंद जागेत, वायूने. त्यांनी स्वतःला शिक्षा दिली, आणि निकाल मी वाचून दाखवला. तसं असेल तर तसं सांग. पण मला नक्की कळू दे."

मी एकच प्रश्न विचारला. "वाचायचा चष्मा नाकावर होता. मग हातात काय होतं?"

तिने पंचनामा आठवला. "काहीच नव्हतं. गाडीतसुद्धा कागदाचा कपटा नव्हता."

२

गॅरेज बारा फूट बाय वीस फूट. खिडकी नाही. छताला एक पारदर्शक पत्रा आहे, त्यामुळे शटर पडलं तरी आत अंधार होत नाही. शेजारी इमारतीचं काम चालू असल्याने सिमेंटची धूळ सारखी येते.

"धुळीपायी साहेब शटर खालीच ठेवायचे," शालनताई म्हणाल्या. "पण गाडी चालू असली का दोन फूट उघडं. शटरची स्प्रिंग गेलेली, आपोआप खाली यायचं. म्हणून हा ठोकळा लावायचे खाली उभा."

दोन फुटांचा लाकडी ठोकळा त्यांनी कोपऱ्यातून काढून दाखवला.

"साहेबांना वास येत नव्हता ना," त्या पुढे म्हणाल्या. "फॅक्टरीत तीस वर्षं काढली, नाक गेलं. गॅस चालू राहिला तरी कळायचा नाही. म्हणून जपायचे फार."

"त्या शुक्रवारी ठोकळा कुठे होता, शालनताई?"

"पायरीवर. मी त्यालाच अडखळले की."

"कुठल्या पायरीवर?"

"ही काय बाहेरची. त्याला लाथ बसली, मग बाजूला ठेवला आणि शटर उचललं." त्या थांबल्या. "पोलिसांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. चुकलं का काही?"

मी आत उभी राहिले, शटर खाली ओढलं आणि ठोकळ्याकडे पाहिलं. आतून शटर बंद करणाऱ्याला ठोकळा आत ओढावा लागतो. तो बाहेर ठेवून शटर पाडायचं, तर पाडणाराही बाहेरच असायला हवा.

चैत्रालीला मी हे लगेच सांगितलं नाही. ठोकळा आपोआप निसटून बाहेर पडला, असं कोणीही म्हणू शकलं असतं.

३

बुधवारी बॅटरी काढण्याआधी मी बॉनेटखालचे फोटो घेतले, बाजूला पट्टी ठेवून. प्रयोगशाळेतली सवय. लाल टर्मिनलवर केबलच्या चिमट्याच्या दातांचे ताजे ओरखडे होते. काळ्या टर्मिनलवर पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली होती आणि ती कुठेही मोडलेली नव्हती. इंजिन उचलण्यासाठी असते त्या लोखंडी कडीवरचा रंग मात्र खरवडला होता. तीन बारीक रेघा, मग मोकळी जागा, मग आणखी दोन.

मी आधी काळी वायर सोडली, मग लाल, आणि बॅटरी उभी धरून रिक्षात ठेवली. ती विकली होती उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या जितेश लालवानींनी. त्यांच्या दुकानात पंधरावीस बॅटऱ्या झाकणं ढिली करून रांगेत लावलेल्या होत्या आणि दारात मोठा पंखा बाहेरच्या दिशेने हवा फेकत होता.

"साहेबांचा फोन मला नऊ वाजून दहा मिनिटांनी आला," जितेशभाई म्हणाले. "बोलले, सेल्फ मारला तर टक् पण नाही होत. मी बोललो, घरचा चार्जर लावा. बोलले, आज शुक्रवार आहे, सकाळपासून लाइट नाही, दोनला येणार. मी बोललो, मग रिक्षात टाका, पाठवा इकडे. साडेतीन अँपियरवर आरामात भरतो, उद्या घेऊन जा. मेलेली बॅटरी घाईत भरायची नसते, बेटी. गॅस सुटतो, एक ठिणगी पडली की फुटते, तोंडावर ॲसिड. हे माझे बोट बघ."

त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धंच होतं.

"मग ते काय म्हणाले?"

"बोलले, जितेश, उद्या नाही चालणार. दोनला मला ठाण्याला उभं राहायचंय."

त्यांनी ॲसिडची ताकद मोजणारा हायड्रोमीटर एकेका खान्यात बुडवला. दोन खाने ठीक. तिसऱ्यात आतली तरंगी तळाला बसली. पुढचे तीन पुन्हा ठीक.

"ये गया. तिसरा खाना शॉर्ट आहे. ही आता कितीही लावा, भरणार नाही, नुसती उकळणार. आणि इंजिन चालवून भरायची तर बातच सोडा."

"म्हणजे या बॅटरीवर त्या दिवशी गाडी सुरूच होऊ शकली नसती?"

"घंटा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जंप घेतल्याशिवाय नाही."

"धक्का मारून?"

"बंद गॅरेजमध्ये? एकटा बुड्ढा माणूस?" जितेशभाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "बेटी, कोणीतरी दुसरी गाडी आणली होती. मग तो माणूस पुढे का येत नाही?"

४

नाथाच्या प्रकरणाचं चौकशी कार्यालय ठाण्याला आहे. तिथे मी फोन केला. शुक्रवारी दोन वाजता विष्णुपंत दामले नाथाच्या मृत्यूबद्दल नवीन जबाब देणार होते. सोबत कागद आणणार होते. कोणता, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

आसपास जंपर केबल असलेली तीन माणसं होती. तिघांचाही नाथाशी संबंध होता.

सुजित विष्णुपंतांचा पुतण्या. आता भाड्याची गाडी चालवतो, पण नऊ महिन्यांपूर्वी तो कंत्राटदाराचा मुकादम होता. नाथाला टाकीत उतर असं सांगणारा तोच.

"काका जबाब देणार म्हणजे माझी पण लागणारच होती ना," तो गाडी पुसत म्हणाला. "पण मी शुक्रवारी एअरपोर्टला होतो. सकाळची ट्रिप."

"किती वाजता परतलास?"

"साडेदहा, पावणेअकरा. तू काय आता सीआयडी लागलीस का?"

"काकांनी तुला बोलावलं नाही? गाडी सुरू करून द्यायला?"

"मला? माझं तोंड बघत नव्हते ते."

नाक्यावर गॅरेज चालवणारा धर्मराज हा नाथाच्या बायकोचा, विठाचा भाऊ. विष्णुपंतांची गाडी तोच बघायचा. मी गेले तेव्हा तो एका टेम्पोखाली आडवा होता. तिथूनच बोलला.

"नऊ महिनं माझ्याकडनं गाडी करून घेतली, पन डोल्यात बघितलं नाय कदी. मना वाईट वाटलं का? वाटलं. त्याईचं पन आनि भाऊजीचं पन. बहिनीकडं बघवत नाय."

"शुक्रवारी तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात?"

"शुक्रवारी मी गॅरेज उघडतच नाय. लाइट नसतं, वेल्डिंग होत नाय." तो बाहेर सरकला. हातातला पाना त्याने खाली ठेवला नाही. "गेलो असतो तर सांगितला असता. पोरी, मी जंप दिला असता तर त्यांना सोडून गेलो नसतो."

तिसरे महेश करमरकर. शेजारचंच रो-हाऊस. त्यांनी मला पाणी दिलं, ग्लासाखाली बशी ठेवून. भिंतीवर सुरक्षा सप्ताहाची प्रशस्तिपत्रं होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर.

"पंतांबद्दल फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "इतका अनुभवी माणूस बंद जागेत इंजिन चालवतो. मी आयुष्यभर हेच शिकवत आलो."

"शुक्रवारी तुमची सुट्टी असते ना, काका?"

"एमआयडीसी बंद असते. मी सकाळी आठलाच अंबरनाथला बहिणीकडे गेलो. आणि खरं सांगू का, त्या प्रकरणानंतर आमचं जाणंयेणं संपलं होतं. नऊ महिन्यांत मी त्या गॅरेजात पाऊल टाकलेलं नाही. गाडीला तर हातही नाही."

बहीण एकटी राहते आणि तिला दिवसांचा हिशोब राहत नाही, हे मला नंतर कळलं. सुजितची ट्रिप साडेसातलाच संपली होती. धर्मराजला शुक्रवारी सकाळी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

तिघांपैकी कोणीही असू शकत होतं. त्या रात्री मी कडीचा फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. तीन रेघा, मोकळी जागा, दोन रेघा. काळा चिमटा बॅटरीला न लावता कडीला कोण लावेल?

५

रविवारी सकाळी मी तीच बॅटरी गाडीत परत बसवली. चैत्रालीने तिघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं. सांगणं एकच: गाडी धर्मराजच्या गॅरेजला न्यायची आहे, सुरू होत नाही, जरा जंप द्याल का? शटर पूर्ण वर होतं. फौजदार तांडेल विष्णुपंतांचं घड्याळ आणि फोन परत द्यायला आल्या होत्या आणि माझ्या विनंतीवरून व्हरांड्यात चहा घेत बसल्या होत्या.

सुजित नऊला आला. गाडी बॉनेटसमोर आणली, इंजिन चालूच ठेवलं, लाल लालला, काळा काळ्याला. शेवटच्या चिमट्यावर मोठी ठिणगी उडाली. तो हसला.

"असं नाही झालं तर मजा काय?"

काळ्या टर्मिनलवरची उरलेली पूड फुटून खाली पडली. त्याच्या चिमट्याचे सहा दात होते, सगळे शाबूत.

धर्मराज दहाला आला. त्यानेही काळा चिमटा थेट बॅटरीला लावला.

"कधी इंजिनाला लावत नाही का?" मी विचारलं.

"लावतात कोनकोन. पुस्तकात तसा हाय म्हनं. आमच्या लायनीत कोन बघतो येवढा? आमी सगले बॅटरीलाच लावतो."

महेशकाका अकराला आले. दारातच थोडे रेंगाळले. मग चैत्रालीकडे पाहून म्हणाले, "दे, करून देतो. तुला जमायचं नाही."

त्यांनी स्वतःच्या गाडीचं इंजिन बंद केलं. बोटातली अंगठी काढून खिशात ठेवली. खिशातून पारदर्शक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. लाल चिमटा मेलेल्या बॅटरीला, दुसरा लाल स्वतःच्या बॅटरीला, काळा स्वतःच्या बॅटरीला. चौथा, शेवटचा काळा चिमटा हातात धरून ते गाडीवर वाकले. हात एक क्षणही अडखळला नाही. तो बॅटरीपासून हातभर दूर गेला आणि इंजिनाच्या कडीवर बसला.

"इथे का, काका?" मी विचारलं.

"शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ठिणगी तिच्यापासून लांब पडली पाहिजे. हे तुला एमएस्सीला शिकवलं नाही?"

"शिकवलं. पण मी प्रत्यक्षात असं करणारे तुम्ही एकटेच पाहिलेत."

मी त्यांना चिमटा काढायला सांगितला. कडीवर आता दोन खुणा होत्या, अर्ध्या बोटाच्या अंतरावर. नवी आणि जुनी. दोन्हींत तीन रेघा, मोकळी जागा, दोन रेघा. त्यांच्या काळ्या चिमट्याचा चौथा दात तुटलेला होता.

फौजदार तांडेल यांनी कप खाली ठेवला.

६

"ज्या गाडीला तुम्ही हात लावला नव्हता," मी म्हणाले, "तिच्यावर ही खूण माझ्याकडे बुधवारच्या फोटोत आहे. त्यांची बॅटरी मेलेली होती. लाइट नव्हता, चार्जर चालत नव्हता, आणि त्यांना दोनला ठाण्याला पोचायचं होतं. तुम्ही जंप दिलात. बॉनेट उघडंच राहू दिलंत, म्हणजे त्यांना शटर दिसू नये. अर्धा तास इंजिन चालू द्या, बॅटरी भरेल, असं सांगितलंत. ते जबाब वाचत बसले. त्यांना वास येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तुमची गाडी मागे घेतलीत आणि ठोकळा काढलात. आतला कागद नंतर उचललात. श्वास रोखून किती सेकंद आत राहता येतं हेही तुम्हीच शिकवता."

महेशकाकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. एक काच, मग दुसरी.

"त्यांनी मला त्याच सकाळी तोंडावर सांगितलं होतं, मी आज जबाब देणार म्हणून," ते हळू म्हणाले. "तसेच होते ते. मी गेलो तर म्हणाले, बरं झालं आलास. माझ्यावर जराही संशय घेतला नाही."

"शटर कोणी पाडलं?" तांडेल यांनी विचारलं.

"परवान्यावर मी फक्त एक सही केली होती. उशिरा, पण एकच. इथेही मी फक्त ठोकळा काढला." त्यांनी चष्म्याची घडी घातली. "शटर उचलायला दोन बोटं पुरली असती. त्यांना बाहेर येता आलं असतं."

"नाथालाही शिडी होती," चैत्राली म्हणाली.

तांडेल यांच्याबरोबर जाताना त्यांनी सवयीने केबलची गुंडाळी करायला घेतली. तांडेल यांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी चैत्राली म्हणाली, "ते जबाब द्यायला निघाले होते, हे कळलं. पण का? माझ्या बोलण्याने? साडेआठला मी तसं तोडून बोलले नसते, तर ते निघाले असते का?"

आम्ही अंबरनाथला विठाकडे गेलो. काही सांगायचं म्हणून नाही. चैत्रालीला तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं होतं.

विठा एका खोलीत राहते. तिने आम्हाला ओळखलं, बसा म्हणाली नाही. चैत्रालीने जे घडलं ते थोडक्यात सांगितलं. विठाने सगळं ऐकलं, मग फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक गुलाबी कागद होता.

परवान्याची कार्बन प्रत. पांढरा कागद सुरक्षा विभागात जातो, गुलाबी कामाच्या ठिकाणी राहतो. हवेच्या आकड्याचा रकाना कोरा. सहीची जागा कोरी. नाथा उतरला तेव्हा परवाना असा होता.

"हा तुमच्याकडे कसा?" मी विचारलं.

"साहेबांनी आनून दिला. म्हनले, माझ्याकडं झेरॉक्स ठेवतो, खरा तुमच्याकडं असू द्या. पानी दिला, पन प्याले नाय."

"कधी?" चैत्रालीने विचारलं. "कधी आले होते?"

"बेस्तरवारी. सांजचं."

गुरुवारी. तिच्या फोनच्या आदल्या संध्याकाळी.

चैत्राली भिंतीला टेकून खाली बसली. विठाही तिच्यासमोर बसली.

"म्हनले, उद्या माझ्या गाडीतनं तुमाला पन ठाण्याला नेतो. साडेबाराला हितल्या नाक्यावर उभ्या रहा. तुमच्यासमोर बोलायचाय मना." विठा पदराचं टोक बोटांत फिरवत होती. "मी लुगडं बदलून उभी व्हते. तीन वाजंपर्यंत. मंग घरी आले नि लई शिव्या दिल्या त्याला. म्हटलं, भ्याला साहेब परत."

बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि बायका हंडे लावत होत्या. विठाचा हंडा रिकामा होता, पण ती उठली नाही.

चैत्रालीने गुलाबी कागद पिशवीत घातला आणि पिशवी विठाच्या हातात परत दिली.

"तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "उद्या साडेबाराला मी नाक्यावर येते."